मुंबई–कोलकाता, मार्गे लाखनीचं आभाळ

नकाशाशी गप्पा



आज नकाशाची वही उघडायची आणि सोबत एक दोरा घ्यायचा. साधा शिवणकामाचा दोरा चालेल. आईला विचारून घ्या, नाहीतर रीळ हरवल्याचा आळ या सदरावर यायचा!

भारताच्या नकाशावर दोऱ्याचं एक टोक मुंबईवर धरा आणि दुसरं कोलकात्यावर. दोरा ताणा. आता तो कुठून कुठून जातो ते बघा. महाराष्ट्र आडवा ओलांडून तो विदर्भात येतो, नागपूरच्या जरा खालून सरकतो आणि भंडारा जिल्ह्यात शिरतो. तिथं वैनगंगेच्या काठी पवनी नावाचं जुनं गाव आहे. ही सरळ रेषा त्याच्या अगदी जवळून जाते. पवनीच्या ईशान्येला, मुंबई–कोलकाता महामार्गावर, लाखनी आहे. दोरा लाखनीपासून दक्षिणेला साधारण २० ते २५ किलोमीटरवर राहतो.

म्हणजे लाखनीच्या मुलांना मोठी गंमत आहे. मुंबईहून कोलकात्याला जाणारा ट्रक त्यांच्या गावातून जातो, त्याच दोन शहरांमधली आगगाडी त्यांच्याच जिल्ह्यातल्या भंडारा रोड स्टेशनवरून जाते, आणि विमानाची सरळ वाटही त्यांच्या आभाळाच्या कडेनं जाते. धानाच्या बांधीवर उभं राहून वर पाहिलं, तर निळ्या आभाळात पांढरी रेघ ओढत जाणारा चांदीचा ठिपका कधी ना कधी दिसतोच.

मग वर्गात वाद सुरू होतो. मुंबई ते कोलकाता अंतर किती? एक म्हणतो १९६८ किलोमीटर. दुसरी म्हणते छे, १६६० च! तिसरा ट्रकवाल्या मामाची साक्ष काढतो आणि सांगतो, १९०० च्या वर. आता यातलं खरं कोणतं?

तिन्ही खरी. प्रत्येकानं वेगळी वाट मोजली, एवढंच.

एक प्रश्न, तीन उत्तरं

१९६८ किलोमीटर हे मुंबई ते हावडा, नागपूरमार्गे, असं रेल्वेचं अंतर आहे. रेल्वेला सरळ जाता येत नाही. मुंबईहून निघाली की कसाऱ्याला तिला थळ घाट चढावा लागतो. तिथला चढ ३७ ला १ असा आहे, म्हणजे ३७ मीटर पुढं जाताना गाडी १ मीटर वर चढते. आपल्याला हा चढ किरकोळ वाटेल, पण रुळांवरच्या गाडीला तो भारी पडतो. म्हणून तिथं गाडीला जादा इंजिन जोडण्याची पद्धत आहे. पुढं भुसावळ, अकोला, बडनेरा, वर्धा, नागपूर, भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया, रायपूर, बिलासपूर, राउरकेला, टाटानगर, खरगपूर अशी गावं जोडत ती हावड्याला पोचते. गावं जोडायची म्हणजे वळणं आलीच.

हा मार्ग एका दमात झालेला नाही बरं का. मुंबईहून रुळ नागपूरपर्यंत आले ते १८६७ साली. मुंबई–कोलकाता आगगाडी १८७० साली सुरू झाली खरी, पण ती अलाहाबादवरून जाई. नागपूरवरून थेट हावड्यापर्यंतचा रस्ता मोकळा व्हायला १९०० साल उजाडलं. म्हणजे १८७० आणि १९०० या दोन सालांत कुणी 'मुंबई–कोलकाता किती लांब?' असं विचारलं असतं, तर रेल्वेनं दोन वेगळी उत्तरं दिली असती. शहरं मात्र जागच्या जागीच होती!

मामाचं उत्तर सडकेचं. सडकेचं अंतर तुम्ही कोणत्या नाक्यावरून निघता आणि कोणत्या वळणरस्त्यानं जाता यावर थोडं कमीजास्त होतं, पण ते १९०० किलोमीटरच्या पुढंमागं भरतं. लाखनीतून जाणारा हा महामार्ग पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणून ओळखला जाई. २०१० साली देशभरातल्या महामार्गांना नवे क्रमांक मिळाले, तेव्हा त्याचा क्रमांक ५३ झाला. गावातल्या मोठ्या माणसांच्या तोंडी मात्र अजूनही 'सहा नंबर' येतो.

आणि १६६० किलोमीटर? ते आपल्या दोऱ्याचं अंतर. त्याला हवाई अंतर म्हणतात. मधे घाट नाही, नदी नाही, फाटक नाही. दोन जागांमधलं जमिनीवरचं सर्वांत कमी अंतर ते हेच.

दोऱ्यावाचून अंतर काढा

आता आठवी-नववीतल्या दादा-ताईंसाठी थोडं गणित. छोट्यांनी त्यांच्या शेजारी बसून बघावं.

नकाशावर आडव्या रेषा असतात ती अक्षवृत्तं आणि उभ्या रेषा असतात ती रेखावृत्तं. उत्तर-दक्षिण एक अंश सरकलं की जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर होतात. पूर्व-पश्चिम एक अंश मात्र सगळीकडे सारखा नसतो. विषुववृत्तावर तो १११ किलोमीटरचा असतो आणि ध्रुवाकडे जाता जाता आक्रसत जातो. सोललेल्या संत्र्याची फोड बघा, मधे रुंद आणि टोकाला निमुळती. तसंच हे. आपल्या विदर्भाच्या पट्ट्यात, म्हणजे २१ अंशांच्या आसपास, पूर्व-पश्चिम एक अंश साधारण १०४ किलोमीटरचा असतो.

मुंबई आहे १९.१ अंश उत्तर, ७२.९ अंश पूर्व. कोलकाता आहे २२.६ अंश उत्तर, ८८.४ अंश पूर्व.

उत्तर-दक्षिण फरक ३.५ अंश. गुणिले १११, म्हणजे सुमारे ३८९ किलोमीटर.
पूर्व-पश्चिम फरक १५.५ अंश. गुणिले १०४, म्हणजे १६१२ किलोमीटर.

हे झाले काटकोन त्रिकोणाचे दोन हात. तिसरी, तिरपी बाजू काढायची असेल तर पायथागोरसची आठवण करा. ३८९ चा वर्ग अधिक १६१२ चा वर्ग, आणि आलेल्या बेरजेचं वर्गमूळ. उत्तर येतं १६५८! दोऱ्यानं सांगितलं तेच, घरबसल्या.

पृथ्वी गोल असल्यामुळे ही युक्ती लांबच्या प्रवासाला चालत नाही. मुंबई ते न्यूयॉर्क असा दोरा पृथ्वीच्या गोलावर ताणून बघा. सपाट नकाशावर वाटतं तसा तो सरळ पश्चिमेला जात नाही, चांगलाच उत्तरेकडे चढतो आणि मग खाली उतरतो. मुंबई–कोलकाता रेषाही मधोमध अशीच थोडी वर फुगते, पण फक्त २० किलोमीटरच्या आसपास. तेवढी फूग धरली, तर रेषा पवनीजवळून जाते हे पक्कं होतं.

अंतर मोजलं तरी कुणी?

हे अक्षांश-रेखांश नकाशावर आयते छापलेले मिळतात, म्हणून आपल्याला त्यांची किंमत कळत नाही. भारताची पद्धतशीर मोजणी १८०२ साली मद्रासजवळ सुरू झाली. विल्यम लॅम्बटन हा त्या मोहिमेचा प्रमुख. पोलादी साखळीनं जमिनीवर एक रेषा काटेकोर मोजायची, मग तिच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीकडे बघून कोन मोजायचे. एक बाजू आणि दोन कोन कळले की त्रिकोणाच्या उरलेल्या बाजू गणितानं निघतात. त्या त्रिकोणाला दुसरा त्रिकोण जोडायचा, त्याला तिसरा. असं करत करत ही त्रिकोणांची साखळी देशभर नेली. कोन मोजायचं थिओडोलाइट नावाचं यंत्र जवळजवळ अर्धा टन वजनाचं होतं. ते डोंगरावर चढवायला माणसं लागत. उन्हापावसात आणि हिवतापाच्या साथीत हे काम वर्षानुवर्षं चाललं.

लॅम्बटन नागपूरच्या वाटेवर असताना १८२३ साली हिंगणघाट इथं वारला. त्याची कबर आजही तिथंच, आपल्या वर्धा जिल्ह्यात आहे. नागपूरचा झीरो माइल स्तंभ तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिला असेल. शेजारी उधळलेल्या घोड्यांचे पुतळे आहेत, तोच. १९०७ सालचा हा स्तंभही याच मोजणीची खूण आहे. त्याच्यावर वेगवेगळ्या गावांची नावं आणि त्यांची मैलांतली अंतरं कोरलेली आहेत. पुढच्या वेळी नागपूरला गेलात तर नुसता फोटो काढून येऊ नका, ती नावं वाचा.

विमानाला वेळ किती लागतो?

आता वळू विमानाकडे. मोठं प्रवासी जेट विमान १० ते ११ किलोमीटर उंचीवरून ताशी सुमारे ८३० किलोमीटर वेगानं जातं. अंतर १६६० किलोमीटर. भागाकार सोपा आहे. बरोबर २ तास!

पण वेळापत्रक उघडा. मुंबई–कोलकाता विमानाची वेळ साधारण अडीच तास ते पावणेतीन तास अशी दिलेली असते. मग वरची ४० मिनिटं जातात कुठं?

पहिली गोष्ट. वेळापत्रकातली वेळ ही नुसती आभाळातली वेळ नसते. विमान उभ्या जागेवरून हलतं तेव्हापासून दुसऱ्या शहरात उभ्या जागी थांबेपर्यंतचा सगळा काळ त्यात येतो. विमान आधी जमिनीवर हळूहळू धावपट्टीपर्यंत जातं. पुढं चार विमानं रांगेत असतील तर थांबतं. मुंबईच्या सांताक्रूझच्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणानं वापरता येत नाहीत. रांग लागली तर नवल नाही.

दुसरी गोष्ट. एस.टी. स्टॅंडवरून सुटल्याबरोबर भरधाव जाते का? विमानाचंही तसंच. वर चढताना वेग कमी, खाली उतरताना वेग कमी. पूर्ण वेग मिळतो तो मधल्या काळात.

तिसरी गोष्ट. आभाळ मोकळं दिसलं तरी तिथंही वाटा आखलेल्या असतात. विमानांना नेमून दिलेले हवाई मार्ग आणि उंची असतात. समोरासमोर येणारी विमानं वेगवेगळ्या उंचीवरून जातात. म्हणून प्रत्येक विमान काही आपल्या दोऱ्यावरूनच जाणार नाही, थोडं इकडं-तिकडं होणारच.

आणि चौथी गोष्ट सर्वांत मजेची. ती आहे वारा.

जाताना लवकर, येताना उशीर

वेळापत्रक नीट पाहिलंत तर एक विचित्र प्रकार आढळेल. मुंबईहून कोलकात्याला जायला जेवढा वेळ लागतो, त्यापेक्षा कोलकात्याहून मुंबईला यायला साधारण १० ते २० मिनिटं जास्त दिलेली असतात. वाट तीच, विमान तेच. मग असं का?

वैनगंगेत डोंगा चालवणाऱ्याला विचारा. प्रवाहाबरोबर जाताना त्याला वल्हं मारायचे कष्ट कमी आणि वेळही कमी. उलट्या दिशेला येताना घाम फुटतो. आभाळातही अशी नदी असते, पण ती वाऱ्याची. विशेषतः हिवाळ्यात, १० ते १२ किलोमीटर उंचीवर, उत्तर भारतावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. त्याच्या दक्षिणेकडच्या कडेचा जोर आपल्याही आभाळात जाणवतो. कोलकात्याला जाणाऱ्या विमानाला तो पाठीवर घेतो आणि मुंबईला येणाऱ्याच्या तोंडावर बसतो.

गणित करू. विमानाचा वेग ताशी ८३० आणि वारा ताशी ८० किलोमीटर धरा.

जाताना वेग ८३० अधिक ८०, म्हणजे ९१०. वेळ लागला १ तास ४९ मिनिटं.
येताना वेग ८३० वजा ८०, म्हणजे ७५०. वेळ लागला २ तास १३ मिनिटं.

फरक पडला २४ मिनिटांचा! आता हुशार मुलं म्हणतील, जाताना फायदा झाला, येताना तोटा झाला, फिटंफाट. पण तसं होत नाही. बेरीज करून बघा, ४ तास २ मिनिटं येते. वारा नसता तर ४ तासच लागले असते. वारा दोन मिनिटं खातोच! कारण तोट्याचा वेग कमी असल्यामुळे त्या तोट्यात विमान जास्त वेळ राहतं. हे घरी बाबांना विचारा. पहिल्या फटक्यात बरोबर उत्तर देणारे थोडेच निघतील.

घड्याळाचीही एक गंमत

मुंबई आणि कोलकाता यांच्या रेखांशात १५.५ अंशांचा फरक आहे हे आपण पाहिलं. एक अंशाला सूर्य ४ मिनिटं घेतो. म्हणजे कोलकात्याचा सूर्य मुंबईच्या सूर्यापेक्षा ६२ मिनिटं पुढं! तरी दोन्हीकडे घड्याळ एकच वाजवतं, कारण ८२.५ अंश रेखावृत्तावरची वेळ सगळ्या देशाची म्हणून १९०६ पासून धरली जाऊ लागली. पण ही दोन शहरं मोठी हट्टी. कोलकात्यानं आपलं वेगळं घड्याळ १९४८ पर्यंत आणि मुंबईनं आपलं १९५५ पर्यंत चालू ठेवलं होतं.

तशी घड्याळं आज असती तर काय झालं असतं? मुंबईच्या १० वाजता निघालेलं विमान २ तास ४० मिनिटांनी कोलकात्यात उतरलं असतं, तेव्हा तिथल्या घड्याळात पावणेदोन वाजायला आले असते. विमानानं पावणेचार तास घेतले असं वाटलं असतं! परदेशी जाताना हा घोटाळा आजही होतो. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. म्हणून तिकिटावर छापलेल्या दोन वेळांची नुसती वजाबाकी करून 'एवढ्यात पोचलो' असं म्हणू नये. तिथल्या वेळेचा फरक आधी विचारावा.

मध्यरात्री नागपूरला भेटू!

आता एक खरी गोष्ट. तुमच्या आजी-आजोबांच्या लहानपणची.

स्वातंत्र्य मिळून दीड वर्ष झालं होतं. मुंबईचं पत्र कोलकात्याला जायला आगगाडीनं दिवस लागत. टपालखात्यानं एक भन्नाट बेत केला. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रास (आताची चेन्नई) या चार शहरांतून रात्री एकेक विमान टपालाच्या थैल्या घेऊन निघेल. चारही विमानं मध्यरात्रीच्या सुमाराला नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरतील. तिथं थैल्यांची अदलाबदल होईल. मुंबईची थैली कोलकात्याच्या विमानात, दिल्लीची मद्रासच्या विमानात. मग प्रत्येक विमान आपापल्या गावी परत. सकाळी चारही शहरांत ताजं टपाल! १९४९ च्या जानेवारीत ही रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. १९५३ साली विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर ती इंडियन एअरलाइन्सकडे आली आणि १९७० च्या दशकापर्यंत चालली.

नागपूरच का? पुन्हा दोरा घ्या. नागपूरहून हवाई अंतर मुंबईला सुमारे ६८० किलोमीटर, दिल्लीला ८५०, चेन्नईला ९०५ आणि कोलकात्याला ९८०. देशाच्या पोटात असल्यामुळे नागपूर चौघांनाही साधारण एका रात्रीत जाऊन येण्याजोगं होतं.

त्या काळी ही कामगिरी डकोटा विमानं करत. दोन पंख्यांचं, दणकट विमान. वेग ताशी २७० किलोमीटरच्या आसपास धरू, म्हणजे आजच्या जेटच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. अंतरं वेगळी आणि भेटायची वेळ एक, म्हणून प्रत्येकाला वेगवेगळ्या वेळी निघावं लागणार. कुणी उशीर केला तर बाकी तिघांचा खोळंबा. त्याचा हिशेब शेवटी तुम्हालाच करायचा आहे.

कोलकाता–नागपूर ही सरळ रेषा लाखनीच्या उत्तरेला सुमारे २० किलोमीटरवरून जाते. म्हणजे भंडारा जिल्ह्यातले लोक गाढ झोपेत असताना कोलकात्याच्या पत्रांनी भरलेलं डकोटा त्यांच्या आभाळातून घरघरत जात असणार. इथून सोनेगाव फक्त ८० किलोमीटर, म्हणजे त्या विमानाला अजून १८ मिनिटं. त्या थैल्यांमध्ये कुणाच्या नोकरीची बातमी, कुणाच्या घरचं दुःख, कुणाची राखी असेल!

घर ते घर

'नागपूरहून मुंबई दीड तासाची' असं आपण सहज म्हणतो. लाखनीच्या मुलानं असं म्हणून चालेल का? हिशेब मांडू.

लाखनी ते नागपूर विमानतळ, कारधाच्या पुलावरून वैनगंगा ओलांडून, भंडारा आणि मौदामार्गे सुमारे ९० किलोमीटर : २ तास.
विमान सुटण्याआधी पोचणं, तपासणी, बसून राहणं : २ तास.
विमानाची वेळापत्रकातली वेळ : १ तास ३५ मिनिटं.
मुंबईत उतरून सामान घेणं : अर्धा तास.
विमानतळ ते मुंबईतलं घर : १ तास.

बेरीज ७ तास ५ मिनिटं. त्यात विमान प्रत्यक्ष हवेत असतं ते सव्वा तासाच्या आसपास. सगळा प्रवास ७८० किलोमीटरचा धरला तर सरासरी वेग पडला ताशी ११०! आठशेच्या वेगानं उडणारं विमान आणि सरासरी एकशे दहा.

भंडारा रोडहून आगगाडीनं गेलं तर मुंबई सुमारे ९०० किलोमीटर. संध्याकाळी बसावं, रात्री झोपावं, सकाळी उतरावं. साधारण १५-१६ तास. वेग कमी, पण भाडंही कमी, आणि झोपेतले तास प्रवासाच्या खात्यात धरायचे की विश्रांतीच्या, हे ज्याचं त्यानं ठरवावं. प्रत्येक वेळी विमानच बरं असं नाही. घाई किती, पैसे किती, सोबत आजी आहे का, हे सगळं बघून घरातली मोठी माणसं ठरवतात. पुढच्या वेळी ठरवताना वहीवरचा हा हिशेब तुम्ही मांडून द्या.

मिनिटं मोजावी लागतात तेव्हा

काही प्रवास मात्र असे असतात की तिथं पंधरा मिनिटांनी एखाद्याचा जीव वाचतो किंवा जातो.

एखाद्या माणसाचा मेंदू अपघातात किंवा आजारात कायमचा थांबतो. डॉक्टर तसं तपासून सांगतात. घरचे लोक त्या दुःखातही मोठं मन करून त्याचे अवयव दान करतात. त्याचं हृदय दुसऱ्या शहरातल्या रुग्णाला बसवता येतं. पण शरीराबाहेर काढलेलं हृदय साधारण ४ तासच टिकतं. नागपूरहून मुंबई, चेन्नई अशा शहरांकडे हृदय विमानानं नेल्याच्या घटना घडल्या आहेत.

नागपूर ते मुंबईचा हिशेब करू. रुग्णालय ते सोनेगाव १५ मिनिटं. विमानात चढवून निघायला १०. हवेतला प्रवास आणि उतरणं ८०. मुंबईत विमानातून बाहेर १०. तिथून रुग्णालय २५. एकूण १४० मिनिटं, म्हणजे २ तास २० मिनिटं. चार तासांतून हे वजा केले की डॉक्टरांना शिवणकामासाठी १०० मिनिटं उरतात.

समृद्धी महामार्गानं नेलं तर? तो ७०१ किलोमीटरचा आहे. कुठंही न थांबता ताशी १२० नं गेलं तरी पावणेसहा तासांच्या वर लागतील. वेळ रस्त्यातच संपला. म्हणजे इथं विमानाला पर्याय नाही.

आता नुसत्या गणितापुरतं समजा, की हे हृदय लाखनीहून निघालं आहे. विमानतळापर्यंत १५ मिनिटांऐवजी दीड तास. बेरीज होते २१५ मिनिटं. डॉक्टरांच्या हातात उरली फक्त २५. एवढ्यात ती शस्त्रक्रिया होत नाही. विमान तेच, वेग तोच, मुंबई तेवढीच लांब. फरक पडला तो सुरुवातीच्या ९० किलोमीटरांचा. म्हणून गावाजवळ चांगलं रुग्णालय असणं, रस्ता नीट असणं, जवळ विमानतळ असणं या गोष्टी नुसत्या मिरवण्याच्या नसतात. गोंदियाजवळच्या बिरसीला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली धावपट्टी आहे. तिथून २०२२ साली प्रवासी विमान उडालं, तेव्हा आसपासच्या लोकांना झालेला आनंद या हिशेबावरून समजतो.

आणि विमानतळापर्यंतचा रस्ता मोकळा ठेवण्यासाठी पोलीस सगळी वाहतूक थांबवतात, त्याला ग्रीन कॉरिडॉर म्हणतात. तुमच्या आमच्या हातात विमान नाही, पण रस्त्यातला आपला वाटा आहे. मागून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला, तर बाबांना गाडी बाजूला घ्यायला सांगा. ती दोन मिनिटं कुणाच्या तरी १०० मिनिटांमध्ये जमा होतात.

करून पाहा

१. डकोटाचं कोडं : चारही विमानं रात्री बरोबर १ वाजता नागपूरला उतरायची आहेत. वेग सर्वांचा ताशी २७० किलोमीटर. वर दिलेल्या अंतरांवरून प्रत्येकानं किती वाजता निघावं?

२. आवाज आणि विमान : डोक्यावरून जाणारं उंच विमान बघा आणि आवाज कुठून येतो ते ऐका. आवाज विमानाच्या बराच मागून येतो, कारण १० किलोमीटरवरून खाली यायला त्याला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागतो. विमान एका सेकंदात सुमारे २३० मीटर जातं. तर ३३ सेकंदांत ते किती पुढं गेलं असेल?

३. तुमच्या गावापासून तुमच्या मामाच्या गावाचं अंतर तीन प्रकारांनी काढा : सडकेनं, आगगाडीनं आणि दोऱ्यानं. तिन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा आणि फरक का पडला ते एका वाक्यात लिहा.

उत्तरं : १. कोलकाता रात्री ९ वाजून २२ मिनिटं, चेन्नई ९ वाजून ३९, दिल्ली ९ वाजून ५१ आणि मुंबई १० वाजून २९ मिनिटं. २. सुमारे साडेसात किलोमीटर. ३. हे उत्तर फक्त तुमच्याकडेच आहे!